बिनखुणेचा शर्ट

तळ्याच्या फाटकाशी पोचेस्तोवर माझ्या पायांनी मला चारदा शिव्या हासडल्या होत्या. शालन, माझी सून, दोन पावलं मागून चालत होती. पुढं गेली असती तर मी म्हटलं असतं, सासूला टाकून पळतीस. शेजारून चालली असती तर म्हटलं असतं, मी काय आंधळी हाय हात धरायला. अकरा वर्षांत पोरीनं माझं तोंड पाठ केलं होतं, म्हणून दोन पावलं मागून.

तेरा वर्षं झाली त्याला. मला साखर निघाली होती आणि डॉक्टरनं सांगितलं, आजी, रोज तळ्यावरच्या बागेत अर्धा तास चाला. मी म्हटलं, बाबा, आजवर मी बसून होते असं तुला कुणी सांगितलं? तीस वर्षं त्याच तळ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून साऱ्या पेठेची धुणी धोपटली, आणि आता त्याच काठावर हात हलवत फिरायचं, हे औषध? तो हसला. शालन हसली नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं इस्त्रीतले कोळसे झाडले आणि माझ्या चपला दारात आणून ठेवल्या.

आम्ही परीट. आमचा धुण्याचा घाट बंद करून तिथं बाग केली त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षं मी तिकडं फिरकले नव्हते. आता जाऊन बघते तर पायाखाली लाल फरशी, कडेनं लोखंडी कठडा, आणि त्यावरनं गोल गोल फिरणारी माणसं. कुणी आकाशाकडं तोंड करून उगाच हसतंय, कुणी झाडाला पाय लावून तंगड्या ताणतंय. अंगात सगळ्यांच्या ती रबरागत ताणणारी कापडं, ज्यांना आयुष्यात इस्त्री लागायची नाही. म्हटलं, ह्यांनी आमचा घाटही घेतला आणि धंदाही.

घाटावरचे धोंडे मात्र शोभेला म्हणून तसेच ठेवले होते. तिसरा आमचा. सासऱ्यांनी टाकी लावून घेतलेला, मधोमध घासून पन्हळीगत खोल झालेला. त्याच्याशेजारी पाटी. मी तिसरीपर्यंत शिकलेली, अक्षर लावायला मला वेळ लागतो, म्हणून शालनला विचारलं काय लिवलंय. तिनं जरा थांबून वाचलं, “कपडे धुण्यास मनाई आहे.” मी त्याच धोंड्यावर जाऊन बसले. म्हटलं, बसायला मनाई लिवली नाही ना.

रोज तसंच चाललं. दोन फेऱ्या व्हायच्या, पाय भरून यायचे, मी धोंड्यावर बसायची आणि शालन कठड्याला टेकून पाण्याकडं बघत राहायची. बाकावर मी बसले नाही कधी. बाक त्यांचा, धोंडा माझा.

घरात आम्ही दोघीच. माझा दिनकर त्याच्या चार वर्षं आधीच काविळीनं गेला होता, मूलबाळ काही झालेलं नव्हतं. तेराव्याला शालनचा भाऊ तिला न्यायला आला तेव्हा मी त्याला उंबऱ्यावरनंच परत लावला. सांगितलं, माझी सून माझ्या घरात हाय, तुझ्या दारात तिला कुणी वाढायला नको. शालन आत चुलीपाशी होती. तिला काही विचारायचं असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं, पण विचारलं नाही. दिवसभर इस्त्री ती ओढायची. सात शेर वजनाची लोखंडी इस्त्री, वर निखारे. माझ्या मनगटात ते बळ उरलं नव्हतं. मी कपड्यांना खुणा घालायची, घड्यांवर नजर ठेवायची आणि गिऱ्हाइकाशी भांडायची. ती गेली तर मागं उरणार मी आणि एक गार इस्त्री. हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं, आणि म्हणून त्यावर आम्ही दोघी कधी अक्षर बोललो नाही.

खुणांचं सांगायला हवं, कारण हल्ली कुणाला ते ठाऊक नसतं. शंभर घरचे पांढरे सदरे एकाच भट्टीत पडले तर कुणाचा कुठला हे कसं ओळखायचं? तर कॉलरच्या आत, मानेपाशी, लाल दोऱ्याचे दोन-चार टाके. प्रत्येक घराची खूण वेगळी: कुणाच्या दोन रेघा, कुणाची फुली, कुणाची फुली आणि ठिपका. मला अक्षरं धड लागत नाहीत, पण साडेतीनशे घरं मी टाक्यांवरनं वाचत होते. घरच्या कपड्याला मात्र खूण घालायची नाही. सासरे सांगायचे, खूण म्हणजे हे कापड दुसऱ्याचं. आपण धुवायचं, इस्त्री करायची आणि त्याच्या दारात नेऊन पोचवायचं. कितीही आवडलं तरी ठेवून घ्यायचं नाही.

महिनाभरानं एक दिवस फिरता फिरता डोळ्यांपुढं काजवे चमकले. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं, शालन जेव जेव म्हणत होती, आणि ती म्हणते म्हणूनच मी जेवले नव्हते. कठडा धरून खाली बसले. शालन पाणी आणायला धावली, तिच्या आधीच होड्यांवरचा माणूस तांब्या घेऊन आला. तळ्यात त्या बदकांच्या होड्या सोडल्या होत्या, पायानं चालवायच्या. लोकांना बसवायचं, उतरवायचं, दोर ओढून होड्या काठाला लावायच्या, हे त्याचं काम. चाळिशीचा असेल. उन्हानं रापलेला, बोलणं कमी. त्यानं खिशातनं गुळाचा खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी गूळ चघळत त्याच्या बाहीकडं बघत राहिले.

बाहीची घडी खांद्याच्या शिवणीवर नव्हती. अंगठाभर मागं होती.

ही रीत आमच्या घरची. पुढनं बघणाऱ्याला बाही सपाट दिसावी म्हणून माझ्या मालकांनी, दिनकरच्या बापानं, ती काढली. मला त्यांनी शिकवली, शालनला मी. साऱ्या गावात दुसरा कुणी तशी घडी घालत नाही. म्हणजे हा आमचं गिऱ्हाईक. पण कुठल्या घरचा ते मला आठवेना, आणि गिऱ्हाईक आठवू नये म्हणजे मी म्हातारी झाले असं झालं.

“मागं वळ जरा,” मी त्याला म्हटलं.

तो बिचारा वळला. मी बसल्या बसल्या त्याला खाली वाकवला आणि कॉलर उलटी केली. फिरणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. कॉलरीत काहीच नव्हतं. ना रेघ, ना फुली.

तेवढ्यात शालन आली आणि माझी जीभ तिच्यावर सुटली. म्हटलं, खूण कुठाय ह्या शर्टाची? असं बिनखुणेचं कापड टेबलावर घेतलंस तर उद्या कुणाचा शर्ट कुणाच्या अंगावर जाईल. हेच शिकवलं व्हय मी तुला? चार लोकांत बोलले. तो माणूस काही सांगायला गेला, पण शालननं त्याच्याकडं बघितलं आणि तो गप्प झाला.

“राहिली, आत्याबाई,” ती म्हणाली. “चुकलं माझं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाजवळ बसून खुणा घालत होते. शालन इस्त्री ओढत होती. कोळशाची धग, ओल्या कापडाचा वास, तिच्या बांगड्यांचा आवाज, नेहमीचंच सगळं. आणि हातातला टाका अर्ध्यावर थांबला. अकरा वर्षांत ही पोरगी एकदाही खूण घालायची विसरली नव्हती. दिनकर गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, डोळे सुजलेले असताना, तिनं ऐंशी कपडे केले, पण त्यातला एकही बिनखुणेचा नव्हता. मग हाच कसा राहिला?

आमच्या टेबलावर बिनखुणेचा पुरुषी शर्ट आजवर एकाच माणसाचा आला होता. माझ्या दिनकरचा.

मी टाका पुरा केला. दोरा तोडला. काही बोलले नाही. माझ्या बाबतीत हे किती अवघड ते माझ्या शेजाऱ्यांना विचारा.

मग एकेक उलगडत गेलं. तळ्यापलीकडच्या कॉलनीत कपडे पोचवायला शालन बागेतनंच जायची. दुपारी माझा डोळा लागला की तिला तासभर मिळायचा. रोज कठड्याला टेकून ती पाण्याकडं बघते असं मला वाटत होतं. ज्या बाजूला बघायची तिकडं पाणी होतं, तशा होड्याही होत्या. माझ्या डोक्यात काय काय आलं ते सगळं सांगण्यासारखं नाही. एवढं सांगते, की आधी मला तिचा राग आला, मग त्याचा, आणि संध्याकाळी चपला घालताना पायांना मुंग्या आल्या तेव्हा भीती वाटली. मला भीती वाटते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

बागेत पोचल्यावर मी सरळ होड्यांकडं गेले.

“मला बसायचंय,” मी त्याला म्हटलं.

शालन म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, तू काठावर थांब, माझ्या चपला सांभाळ. पाण्यात शिरायचं तर आम्ही चपला काढून शिरतो. तीस वर्षांची सवय. तिनं चपला उचलल्या. त्यानं मला एक नारिंगी जाकीट घातलं, त्याला न मोडता येणाऱ्या शंभर सुरकुत्या होत्या. लुगड्यावर ते जाकीट आणि बुडाखाली बदक. घाटावरच्या माझ्या मेलेल्या जावा वरनं बघत असतील तर त्यांची करमणूक झाली असेल.

माझे गुडघे चालणार नाहीत हे त्याला सांगावं लागलं नाही. तो एकटाच पाय मारायला लागला. एवढी वर्षं पाण्यात काढली, पण गुडघ्यापलीकडचं तळं मी कधी बघितलं नव्हतं. मधोमध पाणी काळं होतं आणि तिथं कुणाचाच आवाज येत नव्हता.

“नाव काय तुझं?”

“निवास.”

“कुणाचा?”

“कोळ्याचा. आधी ह्याच तळ्यात जाळी टाकत व्हतो आम्ही. बाग झाली, जाळी बंद. मग होड्यांवर घेतलं मला.” जरा थांबून म्हणाला, “तुमच्या सोड्यानं आमचं मासं मरायचं.”

“आणि तुमच्या जाळ्यात आमची धोतरं फाटायची. बायको?”

“न्हाई. बा अकरा वर्षं अंथरुणाला व्हता. हागणं-मुतणं माझ्याकडं. कोण पोरगी देतंय? मागल्या साली गेला.”

मी त्याच्या बाहीला हात लावला. घडी अजून कडक होती.

“कधीपास्नं?”

त्यानं उसनं आश्चर्य दाखवलं नाही, आणि तेवढ्यापुरता तो मला बरा वाटला.

“दिवाळीपास्नं. मी विचारलं त्यांना. त्या न्हाई म्हणत्यात.”

“न्हाई म्हणते? का?”

त्यानं पाय थांबवले. बदक आपोआप वळत राहिलं.

“आत्याबाईला कोण हाय म्हणत्यात. त्यांच्या पायात आता जीव न्हाई, त्यांना टाकून मी येणार न्हाई. तीनदा विचारलं, तीनदा हेच.”

आता बघा, मला हवं होतं ते मिळालं होतं. पोरगी जात नव्हती. मी होडी वळव म्हटलं असतं, घरी जाऊन भाकरी खाल्ली असती, आणि ती मरेस्तोवर, म्हणजे मी मरेस्तोवर, इस्त्री ओढत राहिली असती. पण माझ्या छातीत काहीतरी चरचरलं, ओल्या कापडावर तापली इस्त्री टेकावी तसं. मला वाटत होतं मी तिला धाकानं घरात ठेवली आहे. भावाला उंबऱ्यावरनं परत लावला, चारचौघांत बोलले, नजरेच्या धारेवर धरली, म्हणून ती राहिली. आणि ती राहिली होती माझी कीव येऊन. हौसाबाई परटिणीची कीव, आणि ती करणार कोण, तर जिला मी कॉलर धरायला शिकवली ती.

“तू काय म्हणालास त्यावर?”

“म्हणलं, त्यांनाबी घेऊन ये. दोन खोल्या हायत माझ्या.”

“मी काय गाठोडं हाय व्हय, कुणीबी उचलून न्यायला?”

“त्याबी हेच म्हणाल्या,” तो म्हणाला. “म्हणाल्या, आत्याबाई असंच म्हणतील.”

मला हसू आलं आणि ते मी गिळलं. काठाकडं बघितलं. तिथनं माझा धोंडा दिसत होता, विटेएवढा. त्याच्याजवळ शालन उभी होती. एक हात कपाळावर धरून आमच्याकडं बघत होती, दुसऱ्या हातानं माझ्या चपला पोटाशी धरल्या होत्या. पस्तिशीही झाली नव्हती तिची. एवढ्या लांबनं पोरगी म्हातारी दिसत होती. वाकलेली, थकलेली, कुणाची तरी वाट बघणारी. जवळनं मला हे इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

“वळव,” मी म्हटलं.

उतरताना त्यानं हात पुढं केला. मी धरला नाही. शालनचा धरला. तिचा हात गार पडला होता. चपला तिनं खाली ठेवल्या, माझा तळवा पदरानं पुसला आणि एकेक पाय आत घातला.

तीन दिवस मी गप्प होते. शालनला वाटलं मला बरं नाही. तिनं दोनदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला. चौथ्या दिवशी दुपारी ती कपड्यांची मोट डोक्यावर घेऊन निघाली तेव्हा मी सुई पुढं केली. म्हटलं, जायच्या आधी ओवून दे, मला दिसत नाही.

“काय राहिलंय का घालायचं?” तिनं विचारलं.

“एक हाय.”

तिनं सुई उजेडाला धरली, लाल दोरा ओला करून ओवला, गाठ मारून दिला आणि गेली.

मी तिची पेटी उघडली. वरच अंजिरी साडी होती, दिनकर असताना घेतलेली, चार वर्षं न नेसलेली. तिचं टोक मांडीवर घेतलं. कुठली खूण घालावी याचा मला फार विचार करावा लागला. साडेतीनशे घरांच्या साडेतीनशे खुणा, त्यातली एकही नको होती. शेवटी खाली होडीच्या बुडागत एक वाकडी आडवी रेघ काढली आणि तिच्यावर एक उभी काडी. टाके लहान-मोठे झाले. उसवून पुन्हा घातले. घडी करून साडी वर ठेवली, पेटीचं झाकण उघडंच राहू दिलं.

ती आली, हातपाय धुतले, आत गेली. मी बाहेर टेबलापाशी बसले होते, निखाऱ्यांवर राख धरत होती. मग ती साडीचं टोक हातात धरून दारात येऊन उभी राहिली.

“आत्याबाई, ही खूण कुणाची?”

“नव्या घरची.”

“पर ही साडी माझी हाय. घरच्या कपड्याला आपण खूण घालत न्हाई.”

“म्हणूनच घातली,” मी म्हटलं.

ती उंबऱ्यावर बसली, तिच्या भावाला मी जिथनं परत लावला होता तिथंच. साडीत तोंड घालून रडायला लागली. मी म्हटलं, डाग पडतील, रेशमाला पाणी चालत नाही. मग उठले, इस्त्री उचलून बघितली. दोन्ही हात लावले तरी जेमतेम हलली.

पुढची तीन वर्षं ती मीच ओढली, रोज थोडी थोडी. निम्मी गिऱ्हाइकं तुटली, मग सगळीच. मी कुणाकडं राहायला गेले नाही; दोन खोल्या त्याच्या त्यालाच लखलाभ. आता टेबलावर गोधडी टाकून मी त्यावर दुपारची पडते. दर रविवारी शालन एक गाठोडं घेऊन येते, म्हणते आत्याबाई, एवढं इस्त्री करून हवं होतं. मी कॉलर उलटी करून खूण बघते, वाकडी रेघ, उभी काडी, आणि म्हणते, ठेव तिकडं, बुधवारी ये. बुधवारी ती येते, निखारे पेटवते, आणि स्वतःच सगळं करून नेते. बाहीची घडी अंगठाभर मागं आहे की नाही एवढं मी बघते.